जानेवारीचं धुकं, मेची लू आणि उपग्रहाने सांगितलेलं तापमान

उपग्रहावरून काढलेलं हवेचं तापमान खरं किती, हे ग्वाल्हेरमध्ये राहून पडताळायचा एक फायदा आहे: इथे बलून सुटतो. हवामान खात्याच्या रेडिओसाँड केंद्रांपैकी एक आपल्या गावात आहे, जागतिक क्रमांक ४२३६१. बलूनखाली लटकवलेली छोटी डबी वर जाता जाता तापमान आणि आर्द्रता मोजते, जीपीएसवरून वारा कळतो, आणि सगळं सुरळीत गेलं तर तीस किलोमीटरच्या आसपास बलून फुटेपर्यंत आकडे येत राहतात. अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठाने जगभरच्या अशा केंद्रांचे आकडे सर्वांसाठी खुले ठेवलेत. क्रमांक आणि तारीख टाकली की झालं. इंदूरच्या माझ्या मैत्रिणीला हेच करायचं तर भोपाळच्या बलूनवर भागवावं लागतं.

मी लष्कर भागात राहते, महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, आणि माझा विषय सॉलिड स्टेट. आकाशाशी संबंध धुणं वाळत घालण्यापुरता. पण एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी उपग्रहावरून हवेचं तापमान आणि आर्द्रता काढण्याचा विषय मागितला. "मॅडम, तुम्ही हो म्हणालात तरच फॉर्म भरते," म्हणून दारात उभी राहिली. मी हो म्हटलं. विषय तिने घेतला आणि अभ्यासाला मी बसले.

माहिती मिळवणं सोपं होतं. अहमदाबादच्या स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटरचं मोसडॅक नावाचं संकेतस्थळ आहे. नाव नोंदवायचं, कशासाठी हवं ते लिहायचं, मग भारताच्या इन्सॅट उपग्रहांच्या फाइली उतरवून घ्यायच्या. आमच्या गल्लीतलं इंटरनेट रात्री बरं चालतं, म्हणून झोपताना लावून ठेवायचे. फाइली एचडीएफ-५ स्वरूपात येतात आणि पायथॉनने उघडतात.

पहिल्या पातळीची, म्हणजे कच्च्या मोजणीची, फाइल उघडली तर तापमानाची प्रोफाइल, म्हणजे कुठल्या उंचीवर किती तापमान हा तक्ता, त्यात कुठेच नाही. उपकरणाने मोजलेले काउंट्स, म्हणजे कच्चे आकडे, आणि त्यांचं रेडिएन्समध्ये, म्हणजे आलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेत, रूपांतर करायचे तक्ते. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, चुकीची फाइल आली." फाइल बरोबर होती. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाला हवेत थर्मामीटर बुडवता येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो जमिनीने आणि हवेने बाहेर टाकलेला इन्फ्रारेड प्रकाश. तो वेगवेगळ्या तरंगलांबीला किती आला एवढंच त्याला कळतं. बाकीचं सगळं कागदावर, म्हणजे आता संगणकावर, काढायचं.

इथे मला माझं जुनं भौतिकशास्त्र कामी आलं. कार्बन डायऑक्साइड हवेत बराचसा एकसारखा मिसळलेला असतो. १५ मायक्रॉनच्या आसपास तो इन्फ्रारेड जोरात शोषतो, आणि जो जोरात शोषतो तो तितक्याच जोरात सोडतोही. वायूचं प्रमाण माहीत असलं की त्यातून येणारा प्रकाश मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतो. आता गंमत तरंगलांबीची. धुक्याच्या पहाटे महाराज बाड्यावर उभं राहिलं तर जवळचा दिवा तेवढा दिसतो. धुकं विरळ होत जातं तसे लांबलांबचे दिवे दिसायला लागतात. उपग्रह वरून खाली पाहतो तेव्हा १५ मायक्रॉनच्या ऐन मध्यावर त्याच्यासाठी दाट धुकं असतं. त्याला दिसतो तो वरचा, स्ट्रॅटोस्फिअरमधला थर. १४ मायक्रॉनकडे सरकलं की नजर थोडी खाली जाते, १३ च्या पुढे आणखी खाली, आणि ११ मायक्रॉनच्या खिडकीतून स्वच्छ आकाशात थेट जमीन दिसते. म्हणजे तरंगलांबी बदलत गेलं की उंची बदलत जाते. ही कल्पना लुइस कॅपलन यांनी १९५९ मध्ये मांडली आणि दहा वर्षांनी, एप्रिल १९६९ मध्ये सुटलेल्या निंबस-३ वरच्या सर्स या उपकरणाने ती प्रत्यक्षात आणली. त्याला चॅनेल, म्हणजे मोजायच्या ठरावीक तरंगलांबी, होते फक्त आठ: सात कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यात, एक खिडकीत.

आर्द्रतेसाठी हाच खेळ ६.३ मायक्रॉनच्या पट्ट्यात, पाण्याच्या वाफेवर खेळतात. पण तिथे वाफेचं प्रमाणच माहीत नसतं, तेच तर काढायचं असतं. म्हणून तापमानाचा अंदाज हाताशी लागतो. वाफ जास्त असली तर उपग्रहाची नजर वरच्या, थंड थरात अडकते आणि त्या चॅनेलमध्ये आकाश गार दिसतं. वाफ कमी असली तर नजर खाली, गरम थरापर्यंत जाते.

अशा प्रकारे थराथराचं तापमान आणि आर्द्रता काढणाऱ्या उपकरणाला साउंडर म्हणतात. आपल्या इन्सॅट-३डी वर असा साउंडर होता. जुलै २०१३ मध्ये फ्रेंच गयानातून एरियानने तो उडाला. भूस्थिर कक्षेतला भारताचा हा पहिला साउंडर. फिरत्या चाकावर बसवलेल्या फिल्टरांतून इन्फ्रारेडचे १८ चॅनेल आणि दृश्य प्रकाशाचा एक. एका मोजणीत दिसणारा जमिनीवरचा ठिपका दहा किलोमीटरचा. त्यातून मिळणाऱ्या प्रोफाइलमध्ये तापमान ४० पातळ्यांवर आणि आर्द्रता २१ पातळ्यांवर दिलेली असते, शिवाय एकूण ओझोन.

हे वाचून मी थबकले. मोजलेले आकडे अठरा. बाहेर पडणारे एकसष्टहून जास्त. बाकीचे आले कुठून?

पुढचा सगळा हिवाळा या एका प्रश्नात गेला, आणि प्रकल्पातला खरा मालही तिथेच निघाला. विद्यार्थिनीला मी म्हटलं, तयार प्रोफाइलचे आलेख काढून प्रबंध जाडजूड होईल, पण व्हायव्हात कोणी हा प्रश्न विचारला तर दोघींची पंचाईत. आधी हाताने एक छोटं करून बघू. पुस्तकी सूत्रांवरून कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्यातले सात चॅनेल घेतले, हवेचे सात थर केले. सात समीकरणं, सात अज्ञात. बारावीतल्या पोरालाही सोडवता यावं. ग्वाल्हेरच्या बलूनचं तापमान घालून चॅनेलना काय दिसेल ते काढलं, त्यात अर्ध्या अंशाहून कमी गोंधळ (मोजणीतली इकडेतिकडे होणारी चूक) मुद्दाम मिसळला, कारण खरं उपकरण तेवढा गोंधळ करतंच, आणि मग मॅट्रिक्स उलटवून समीकरणं सोडवली.

बलूनच्या मूळ आकड्यांशी उत्तराचा काही संबंध राहिला नाही. एका थरात लोखंड वितळेल इतकं तापमान, शेजारच्या थरात निरपेक्ष शून्याच्याही खाली. विद्यार्थिनीने कोड तीनदा तपासलं. कोड ठीक होतं. हे गणितच तसं आहे. प्रत्येक चॅनेलला एक पातळ थर दिसत नाही, कित्येक किलोमीटर जाडीचा हवेचा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यांना वेटिंग फंक्शन म्हणतात, आणि शेजारशेजारच्या चॅनेलांचे पट्टे एकमेकांवर इतके चढलेले असतात की ते जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. दोन जवळजवळ सारख्या साक्षींतला बारीक फरक ताणून उत्तर काढायला गेलं की गोंधळच ताणला जातो. हा प्रयोग शिकवणाऱ्या प्रत्येकाने वर्गात एकदा करावा असं मला वाटतं. पाच मिनिटांत होतो आणि 'इल-पोज्ड' गणित, म्हणजे मोजणीतल्या बारीक चुकीने उत्तर पार उधळणारं गणित, म्हणजे काय हे फळ्यावरच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा नीट समजतं.

उपाय जुना आहे. आपल्याला हवेबद्दल आधीच काही ठाऊक असतं: उंचीबरोबर तापमान साधारण कसं उतरतं, जानेवारीत ग्वाल्हेरवर ते साधारण किती असतं, शेजारच्या थरांत किती फरक पडू शकतो. हा आधीचा अंदाज आणि त्याची अनिश्चितता एका पारड्यात, उपग्रहाची मोजणी आणि तिची अनिश्चितता दुसऱ्या पारड्यात, आणि दोन्हींना जुळेल असं उत्तर काढायचं. क्लाइव्ह रॉजर्स यांनी १९७० च्या दशकात ही रीत हवामानवाल्यांसाठी नीट बांधून दिली. आम्ही आमच्या सात चॅनेलांवर ती लावली आणि लगेच दिसायला शहाणं, गुळगुळीत प्रोफाइल आलं. विद्यार्थिनी खूश. मला मात्र ते फार लवकर शहाणं झाल्यासारखं वाटलं.

म्हणून एक खोडी काढली. मोजणी जानेवारीचीच ठेवली आणि आधीचा अंदाज जुलैचा दिला. पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात उत्तर निमूटपणे जानेवारीकडे परत आलं. उपग्रहाचं तिथे खरोखर ऐकलं जात होतं. पण जमिनीलगतच्या पहिल्या किलोमीटरभरात ते बरंचसं जुलैतच राहिलं. तिथे आम्ही जे सांगितलं तेच आम्हाला परत ऐकू आलं. हे मोजायची सोयही असते, अ‍ॅव्हरेजिंग कर्नल नावाची: खऱ्या तापमानात एक अंश बदल झाला तर उत्तरात त्यातला किती उतरतो. प्रत्येक थराचा हा आकडा घेऊन त्यांची बेरीज केली की उपग्रहाकडून एकूण किती स्वतंत्र गोष्टी कळल्या ते येतं. आमच्या सात चॅनेलांतून तीनसुद्धा भरल्या नाहीत.

मोठ्या उपकरणांची चढाओढ कशासाठी आहे ते इथे समजलं. २००२ मध्ये सुटलेल्या अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या एअर्स या साउंडरला २३७८ चॅनेल आहेत, आणि त्याचे डिटेक्टर ५८ केल्विनपर्यंत गार ठेवावे लागतात, नाहीतर ते स्वतःच्याच उष्णतेने आंधळे होतील. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरच्या आयएएसआय या साउंडरला ८४६१. चॅनेल बारीक झाले की पट्टे अरुंद होतात, आणि हजारोंच्या गर्दीत गोंधळही बराच आपसांत कापला जातो. तरी हजारो चॅनेलांतून तापमानाबद्दल स्वतंत्र अशा गोष्टी मिळतात त्या दहाच्या आसपास. आकडा ऐकून विद्यार्थिनीचा चेहरा पडला होता. मला तो उलट फार मोठा वाटला, कारण तीनवरून दहावर जायला किती खटपट आहे ते एव्हाना हाताने करून पाहिलं होतं.

मग खरी तुलना. इन्सॅटसाठी मोसडॅकच्या प्रोफाइल, एअर्ससाठी नासाच्या, शेजारी ग्वाल्हेरचा बलून. वेळेची अडचण आधी येते. बलूनची ठरलेली वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. प्रत्यक्षात तो थोडा आधीच सोडतात. अ‍ॅक्वा स्थानिक वेळेने रात्री आणि दुपारी दीडच्या सुमाराला जाण्यासाठी पाठवलेला. मधल्या चार तासांत जमिनीलगतची हवा बदलून जाते. भूस्थिर इन्सॅट कायम डोक्यावर असल्याने त्याची वेळ बलूनच्या जवळची निवडता येते, हे त्याचं मोठं सुख. दुसरी अडचण, बलूनला दहा-वीस मीटरचे बारकावे दिसतात. ते उपग्रहाला दिसणं शक्यच नाही, तेव्हा बलूनचे आकडे आधी अ‍ॅव्हरेजिंग कर्नलमधून काढून गुळगुळीत करून मग तुलना करायची. हे न करता उपग्रहाला नावं ठेवणारे निबंध आम्ही पुष्कळ वाचले.

आणि तिसरी अडचण ग्वाल्हेरची स्वतःची. जानेवारी.

आमच्याकडे जानेवारीत धुकं पडतं म्हणजे कसं, ते इकडच्यांनाच माहीत. पंजाबपासून बिहारपर्यंत एकच पांढरी चादर असते आणि आपण तिच्या दक्षिणेच्या काठावर. रात्री जमीन गार होते, तिच्यामुळे लगतची हवाही गार होते, आणि दोन-तीनशे मीटरवर ऊबदार थर झाकण घालून बसतो. बलूनच्या आलेखात हे झाकण ठसठशीत दिसतं: खाली सात-आठ अंश, वर गेल्यावर बारा-तेरा, मग पुन्हा उतार. उपग्रहाच्या प्रोफाइलमध्ये त्या जागी एक सरळ, सभ्य रेषा. झाकण जेमतेम काहीशे मीटरचं आणि वेटिंग फंक्शन किलोमीटरांचं. ते त्यात विरघळून जातं.

त्यात धुकं स्वतः इन्फ्रारेडला ढगासारखंच अपारदर्शक. एअर्सची ढग काढून टाकायची रीत मला फार आवडली: नऊ शेजारी ठिपके घ्यायचे, त्यांत ढगांचं प्रमाण कमी-जास्त आहे आणि बाकी हवा सारखी आहे असं धरायचं, आणि फरकांवरून ढग वजा करायचे. पण नऊच्या नऊ ठिपक्यांत एकसारखं धुकं असेल तर फरकच नाही, वजा करणार काय? फाइलमध्ये प्रत्येक आकड्याबरोबर दर्जाचा शेरा असतो: शून्य म्हणजे उत्तम, एक म्हणजे चालेल, दोन म्हणजे वापरू नका. धुक्याच्या दिवसांत आमच्या तक्त्यात खालच्या पातळ्यांवर दोनांची रांग लागली. विद्यार्थिनीला ते आकडे वगळायचं जिवावर आलं होतं. मी म्हटलं, ज्यांनी उपकरण बांधलं ते नको म्हणतायत, आपण कोण हो म्हणणार?

माझे सासरे, अण्णा, रेल्वेतून निवृत्त. ते रोज चहाला विचारायचे, "काय गं, दिसलं का तुझ्या उपग्रहाला धुकं?"

"धुकं दिसतं अण्णा, धुक्याच्या खालचं दिसत नाही."

"मग आमच्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला? आम्हालाही इंजिनाच्या पुढचं दिसायचं नाही. म्हणून तर सिग्नलच्या अलीकडे रुळावर पटाखे लावायचे. फटाक वाजला की ड्रायव्हरला कळायचं, सिग्नल आला."

फरक आहे, आणि तो मी त्यांना चित्र काढून दाखवला. धुक्याचा माथा आणि शेजारची उघडी जमीन यांचं तापमान रात्री जवळपास सारखं, म्हणून ११ मायक्रॉनच्या चित्रात दोन्ही एकाच रंगाची. पण धुक्याचे बारीक थेंब ३.९ मायक्रॉनला कमी प्रकाश सोडतात, तिथे धुकं जास्त गार भासतं. दोन चित्रांची वजाबाकी केली की धुक्याची कड उमटते. अण्णांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि झाशीच्या बाजूचा मोकळा पट्टा बोटाने दाखवून म्हणाले, "इथून पुढे गाडी वेळ भरून काढते." प्रोफाइलच्या तक्त्यांपेक्षा त्यांना हे चित्र कामाचं वाटलं, आणि धुक्यापुरतं त्यांचं खरंच आहे.

मे महिन्यात मात्र साउंडरने आमची लाज राखली. लू वाहत असते, आकाश कोरडं ठणठणीत, ढगाचा पत्ता नाही. दुपारी हवा इतकी घुसळते की चार-चार किलोमीटरपर्यंत एकच मिसळलेला थर तयार होतो आणि तापमान किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी सरळ उतरत जातं. खरी हवाच गुळगुळीत असल्यावर गुळगुळीत दाखवणाऱ्या उपकरणाचं काय बिघडतं? रेषा बलूनवर जवळजवळ बसल्या. आर्द्रतेचंही चित्र बरं आलं, कारण वाफ कमी असल्याने ७.४ मायक्रॉनचा चॅनेल बराच खालपर्यंत पाहू शकत होता. अगदी तळाशी तेवढी कुरबुर राहिली: खिडकीतून दिसतं ते जमिनीच्या कातडीचं तापमान, आणि मेच्या दुपारी तापलेली माती हवेपेक्षा कितीतरी गरम असते. शिवाय कोरडी माती सगळ्या तरंगलांबींना सारखी चमकत नाही. तिची उत्सर्जनक्षमता चुकीची धरली की चूक सरळ खालच्या थरात जाऊन बसते.

पावसाळ्याबद्दल फार लिहीत नाही. ढग आले की इन्फ्रारेड संपलं. तिथे मायक्रोवेव्ह साउंडरचं राज्य, आणि तो वेगळा प्रकल्प.

शेवटाकडे एक गोष्ट कळली ती आधी कळायला हवी होती असं विद्यार्थिनी म्हणते, मी म्हणते बरं झालं उशिरा कळली. अंदाज वर्तवणारी मोठी केंद्रं असल्या तयार प्रोफाइलवर आता फारशी विसंबत नाहीत. १९९० च्या दशकापासून ती रेडिएन्सच थेट हवामानाच्या संगणकी मॉडेलमध्ये घेतात. त्यांच्याकडे काही तासांपूर्वीच्या अंदाजातून आलेलं हवेचं चित्र असतंच, आमच्या महिन्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी चांगलं. मॉडेलच्या हवेवरून उपग्रहाला काय दिसायला हवं ते काढतात, प्रत्यक्ष काय दिसलं त्याच्याशी ताडतात आणि फरकाएवढं मॉडेल हलवतात. दुसऱ्या कोणाचा आधीचा अंदाज मिसळलेलं प्रोफाइल त्यांना कशाला हवं? हे वाचलं तेव्हा आमची जुलैची खोडी मला पुन्हा आठवली. ती केली नसती तर हा परिच्छेद डोक्यावरून गेला असता.

प्रबंधात आम्ही प्रत्येक आलेखावर तीन रेषा काढल्या: बलून, उपग्रह आणि आधीचा अंदाज. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ही तिसरी कशाला, गर्दी होते. विद्यार्थिनी म्हणाली, "सर, जिथे दुसरी आणि तिसरी चिकटलीय तिथे उपग्रहाचं काही श्रेय नाही." सरांनी पान उलटून जानेवारीचा आलेख पुन्हा पाहिला आणि पुढचे सगळे प्रश्न तिसऱ्या रेषेवरच विचारले.

आता फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटलेल्या इन्सॅट-३डीएस वरही साउंडर आहे, आणि पुढच्या तुकडीतल्या एका मुलाने विषय पुढे चालवायला घेतलाय. त्याला नोव्हेंबर अखेरच्या स्वच्छ रात्रींपासून सुरुवात करायला सांगितलंय. तेव्हा जमिनीलगतचं झाकण धरायला लागलेलं असतं आणि धुकं अजून पडायचं असतं. ढगाचा अडथळा नसताना ते झाकण साउंडरला निदान अंधुकसं दिसतं का, एवढंच आधी पाहायचं आहे.